गरुडाचा डोळा

फेरल स्टायव्हर्स गेला त्याला सहा आठवडे झाले होते.
लुईव्हिलहून मी आलो तो यादी करायला:
कुठली बाटली कोणत्या साली भरली, लेबल किती फाटलं,
लिलावात काय येईल.
बार्ड्सटाउनच्या पुढं झाडांची खोडंसुद्धा काळी.
गोदामांतून उडणाऱ्या दारूवर वाढते ती बुरशी,
इथं तिला कुणी पुसत नाही.
पिपात मुरता मुरता जे हवेत जातं
त्याला हे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात,
आणि तो न्यायला आलेलं कुणी
अजून कुणाला दिसलेलं नाही.

तळघरात दोनशे अकरा बाटल्या.
बर्बन डावीकडे, राय उजवीकडे, मध्ये जेमतेम एका माणसाची वाट.
फेरल प्यायचा ती स्वस्तातली, प्लास्टिकच्या झाकणाची,
बर्फ घालून, बातम्या बघत.
या बाटल्यांविषयी विचारलं तर म्हणायचा,
या प्यायच्या नाहीत. या असायच्या.

ओनेटा जिन्याच्या पायरीवर बसली होती,
घेवड्याच्या शिरा काढत.

सगळ्यात मागं ती निघाली.
मोनोंगहेलाकाठची राय. ज्या भट्टीत झाली
तिथं आता मोटारी धुतात.
बुचावर सरकारी हिरवी चिठ्ठी, चिठ्ठीवर गरुड,
सगळं शाबूत,
पण दारू खांद्यावरून चार बोटं उतरलेली.
मी टॉर्च धरला.
गरुडाचा डोळा आरपार होता.

"घोड्याची सुई," ओनेटा म्हणाली. मान वर केली नाही.
"एकतीस वर्षं घोड्यांच्या दवाखान्यात काढली मी,
हात थरथरत नाही माझा.
हा लेक्सिंग्टनला लिलावाला गेला की माझी बहीण यायची, लव्हॉन.
दोघींत मिळून दोन चमचे, जास्त नाही.
पहिल्यांदा काढली ती रागानं.
माझ्या वाढदिवसाला यानं चारशे डॉलरची बाटली आणली होती,
स्वतःला.
मग चव लागली.
आधी मिरी, मग जुनं लाकूड,
आणि फार उशिरा काहीतरी थंडगार,
विहिरीत वाकून बघितल्यासारखं."

यादीत मी लिहिलं: पातळी कमी.

मग तिनं त्याची वही माझ्यापुढं सरकवली.
अक्षर बघवत नाही म्हणाली, तूच वाच.

दर एक जानेवारीला तो फूटपट्टी लावून मोजायचा.
त्या बाटलीला वेगळं पान होतं.
शहाण्णव: एक सूत खाली. बूच आटलं असेल.
सत्त्याण्णव: दीड सूत. बुचात दोष नाही.
अठ्ठ्याण्णव: देवदूत. खाली दोन रेघा.
पुढं कितीतरी वर्षं नुसते आकडे.
मध्येच एकदा: आवडलेली दिसते.
मध्येच एकदा: काही घ्यायचं नव्हतं,
तरी लेक्सिंग्टनला जाऊन आलो.
आणि दोन हजार सतरा:
पातळी तिथंच.
ओनेटाला डॉक्टरकडे न्यावं काय?

शेंगा मोडायचा आवाज थांबला.
"त्या आधीच्या उन्हाळ्यात लव्हॉन गेली,"
ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं,
"नेलं होतं मला यानं. गुडघा दाखवू म्हणून.
गुडघ्याला काही झालं नव्हतं."

"किती येतील म्हणालास हिचे?"
मी आकडा सांगितला.
"हं," म्हणाली, आणि शेंगांच्या सुरीनं
गरुडाच्या मानेतून चिठ्ठी कापली.
बूच आतच भुगा झालं,
कॉफीच्या गाळणीतून गाळावी लागली.
जेलीच्या रिकाम्या तीन बरण्या: एक तिला, एक मला,
तिसरी तिनं पायरीवर ठेवली, झाकण न लावता.

उडून जाईल, मी म्हणालो.

तिनं ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.
मी दोनशे अकरा खोडून दोनशे दहा केले.
घेवडा अजून निम्मा व्हायचा होता.